बैल अडतो कुठे? ऊसगाडीच्या बैलांच्या खोडी व त्यांवरील उपाय



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गाडीतळावर बैलगाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर आले, अंगद गाड्या आल्या, तोडणी यंत्रेही आली. बैलगाड्यांची संख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे खरेच. तरी चिंचोळ्या पाणंदीतून, ओल्या रानातून, बांधाच्या कडेने ऊस बाहेर काढायचा म्हटले की आजही बैलजोडीचीच आठवण होते. शिवाय आपल्यापैकी कितीतरी सभासदांच्या दावणीला घरची जोडी आहेच.

या बैलांबद्दलच्या तक्रारी दर हंगामात ठरलेल्या असतात. एकाचा बैल भर रस्त्यात बसतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टरचा दिवा दिसला की बुजतो. तिसऱ्याचा जू खांद्यावर घेत नाही, चौथ्याचा मागे सरत नाही, तर पाचव्याची जोडीच जमत नाही. मग "बैल माजलाय", "एवढं खातंय अन् ओढायला नको" असे म्हणून चाबूक उचलला जातो. चाबकाने भागले नाही की बैल आठवडी बाजारात पडेल त्या भावाने जातो.

यात नुकसान कोणाकोणाचे होते ते बघा. तोडलेला ऊस वाटेत अडकला की वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. सभासदाचेही नुकसान आणि कारखान्याचेही. बुजलेली जोडी गाडीतळावर उधळली तर माणूस चाकाखाली सापडतो. आणि बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून जो गाडीवान येतो, त्याने बहुधा उचल घेऊन बैल घेतलेले असतात. भर हंगामात त्याचा बैल निकामी झाला तर गाडी उभी राहते, उचल फिटत नाही आणि सारे घर पुढच्या हंगामालाही बांधले जाते. म्हणून या अंकात आम्ही बैलाच्या खोडींचा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

आमचे सांगणे थोडक्यात असे: बैल जन्मतः खोडकर नसतो. त्याची खोड तीनपैकी एका कारणाने लागते. एक तर त्याला कुठेतरी दुखत असते, नाहीतर कशाची तरी भीती वाटत असते, नाहीतर आपणच त्याला नकळत चुकीचे शिकवलेले असते. घोडे कुठे पेंड खाते हे न बघता मारत सुटणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

बैलाला जग कसे दिसते

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चौफेर दिसते, फक्त पाठीमागची सरळ पट्टी तेवढी दिसत नाही. तिथून कोणी न बोलता आला आणि एकदम हात लावला तर तो लाथ झाडणारच. म्हणून बैलाजवळ जाताना बाजूने, खांद्याच्या रोखाने आणि बोलत जावे.

त्याला चौफेर दिसत असले तरी अंतराचा आणि खोलीचा अंदाज मात्र चांगला येत नाही. रस्त्यावरची झाडाची काळी सावली, पाण्याचे डबके, वजनकाट्याची लोखंडी पाटी ही त्याला खड्ड्यासारखी वाटते. तो थबकतो, मान खाली घालून बघू लागतो. त्या वेळी त्याला क्षणभर बघू द्यावे. चाबूक मारला तर त्याची खात्रीच पटते की ही जागा वाईट आहे. लाल कापडाला बैल बिथरतो ही समजूत चुकीची आहे. त्याला लाल रंग वेगळा ओळखताच येत नाही, तो बिथरतो ते कापडाच्या हालचालीला.

त्याचा कानही आपल्यापेक्षा तिखट. माणसाला ऐकू न येणारे बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येतात. लोखंडावर लोखंड आपटणे, कर्कश शिटी, ट्रकचा हॉर्न याचा त्याला आपल्यापेक्षा जास्त त्रास होतो. आणि एक गोष्ट, बैल हे कळपातले जनावर आहे. जोडीदार शेजारी असला की त्याला धीर असतो, एकटा पडला की तो घाबरतो.

चाबकाआधी पाच जागा तपासा

बैलाने काम नाकारले की गाडी बाजूला घ्यावी, शिपाई लावावा, जू उतरवावे आणि पाच ठिकाणी बघावे.

१) खांदा – हाताच्या पंजाने दाबून बघावा. गरम, सुजलेला, कातडी सोललेली आहे का? दाबल्यावर बैल मान चोरतो का?

२) खूर – चारही पाय उचलून बघावे. खुरांच्या बेचक्यात खडा, काटा, फुटलेली पत्री, वर आलेला खिळा आहे का?

३) नाक – वेसणीने नाकात जखम झाली आहे का? वेसण नायलॉनची आहे का?

४) जू आणि जोते – जुवाला कंगोरा, गाठ, निघालेला खिळा आहे का? जोते गळ्याला आवळते का?

५) गाडी – चाकात हवा आहे का? बेअरिंग कोरडे पडले आहे का? ओझे धुरेवर आले आहे का?

यात दहा मिनिटे जातात, पण बऱ्याच खोडींचे मूळ इथेच सापडते.

जू घेत नाही, मान झटकतो

ही खोड बहुतेक वेळा खांद्याच्या दुखण्याची असते. जू जाड, गोलसर आणि गुळगुळीत असेल तर ओझे खांद्याच्या मोठ्या भागावर पसरते. तेच अरुंद किंवा कंगोरेदार असेल तर सारे ओझे दोन बोटांच्या पट्टीवर येते आणि तिथली कातडी, मांस चिरडले जाते. आधी सूज येते, मग पाणी धरते, मग जखम होते. पावसात जू भिजले, खांदा ओला राहिला, तर हे आणखी लवकर घडते.

सूज नवी असेल तर बैल ताबडतोब जुवातून सोडावा. पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. सूज स्वतः फोडू नये. जळके ऑईल, बॅटरीचे पाणी असले इलाज करू नयेत आणि डागणीही देऊ नये. डागल्याने सूज बरी होत नाही, एका दुखण्याची दोन दुखणी होतात. खांदा पूर्ण भरल्याशिवाय जू ठेवू नये. "हंगाम संपू द्या, मग बघू" असे म्हटले तर बैल गेला अन् झोपा केला, अशी गत होते.

बेंदराला किंवा पोळ्याला आपण खांदेमळणी करतो, हळद-तूप लावून बैलाचा खांदा चोळतो. वाडवडिलांना बैलाचा जीव कुठे असतो हे पक्के ठाऊक होते. तोच हात वर्षातून एका दिवसाऐवजी रोज संध्याकाळी खांद्यावरून फिरवला तर सुरू होत असलेली सूज त्याच दिवशी कळेल.

गाडी भरण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. ओझे पुढे जास्त झाले तर ते खांद्यावर येते, मागे जास्त झाले तर गाडी उलाळते आणि जोते गळ्याला आवळते. मोळ्या अशा रचाव्यात की भार आखाच्या किंचित पुढे राहील. भरलेल्या गाडीची धूर दोन माणसांना फारसे न कण्हता उचलता आली तर भरण बरोबर समजावी. सांगली जिल्ह्यातील राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ऊसगाडीच्या जुवाखाली आधाराचे फिरते चाक बसवून खांद्यावरचा भार कमी करण्याची युक्ती काढली होती. २०२२ साली तिची बरीच चर्चा झाली. अशी जोडणी जमत नसेल, तर नीट भरलेली गाडी हा बिनखर्चाचा उपाय प्रत्येकाच्या हातात आहेच.

भर वाटेत बसतो

सगळ्यात जास्त तक्रार याच खोडीची, आणि सगळ्यात जास्त मारही याच खोडीसाठी. इथे थोडा हिशोब मांडू.

बैल दिवसभर सावकाश चालीने साधारण आपल्या वजनाच्या एक-दशांश इतकी ओढ देऊ शकतो. चारशे-चारशे किलोची जोडी धरली तर ही ओढ ८० किलोच्या आसपास होते. गाडी आणि ऊस मिळून दोन टन वजन धरा. डांबरी सडकेवर हवा भरलेल्या टायरच्या गाडीला वजनाच्या दोन-तीन टक्के ओढ लागते, म्हणजे ४० ते ६० किलो. जोडी आरामात जाते. हीच गाडी भुसभुशीत किंवा ओल्या रानात उभी असली तर दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते, म्हणजे २०० किलोच्या पुढे. वीस फुटांना एक फूट चढ आला की आणखी १०० किलो वाढले. चार पावले झटका देऊन बैल एवढे ओढतीलही, पण तसे सतत ओढणे त्यांच्या ताकदीबाहेरचे आहे. मग सडकेवर छान चालणारा बैल फडातून निघताना बसतो. ताकद संपली आणि बैल बसला, तर ती खोड म्हणता येत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. फडातून अर्धी गाडी काढून ती सडकेवर पुरी भरावी. चाकोरीत पाचट टाकावे. चढावर दुसरी जोडी पुढे लावावी, तुम्ही आज त्याला लावा, उद्या तो तुम्हाला लावील. टायरची हवा आठवड्यातून एकदा बघावी, कारण मऊ टायर म्हणजे रोजचा चढच.

पुष्कळदा बैल खाण्यातल्या उणिवेनेही गळून जातो. हंगामात बैल नुसत्या वाढ्यांवर राहतात. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते आणि ते अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. पोट भरलेले दिसते, पण अंगात जोर राहत नाही, हाडे ठिसूळ होतात. म्हणून वाढ्यांबरोबर कडबा आणि थोडी पेंड द्यावी, रोज ३० ते ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि चिमूटभर नव्हे तर मूठभर मीठ द्यावे. वाढे कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडून दिले तर अधिक चांगले. पाणी दिवसातून तीनदा, पोटभर. आणि खाल्ल्यावर निवांत बसून रवंथ करायला वेळ द्यावा. रवंथ न झालेले वैरण अंगी लागत नाही.

आता ज्याचा खांदा चांगला, खूर चांगले, ओझे बेताचे, तरी बसतो अशा बैलाकडे येऊ. हा बैल बसायला शिकलेला असतो, आणि शिकवलेले आपण असते. कसे ते बघा. एक दिवस बैल दमून बसला. आपण ओरडलो, मारले, शेपटी पिरगाळली. तो उठला नाही. शेवटी कंटाळून जू सोडले आणि वैरण टाकली. बैलाच्या डोक्यात काय बसले? "बसलं की जू सुटतं." मार त्याच्या लक्षात राहिला नाही, शेवट लक्षात राहिला.

जनावराच्या शिकवणुकीचे मर्म इथे आहे. घोडा फिरवणारे जाणकार हेच सांगतात, घोड्याने ऐकले की त्याच क्षणी लगाम ढिला करावा. त्या ढिलाईनेच त्याला कळते की आपण केले ते बरोबर. घोड्याला लगाम, बैलाला वेसण आणि कासरा, पण नियम एकच. सुटका हेच बक्षीस, आणि ते त्याच क्षणी द्यायला हवे. पाच मिनिटांनी दिलेले बक्षीस किंवा शिक्षा जनावराला कशाबद्दल ते कळतच नाही.

म्हणून बसलेल्या बैलाच्या बाबतीत असे करावे. ओझे उतरवून गाडी हलकी करावी. बैलाला पाच-दहा मिनिटे मुकाट बसू द्यावे, मारू नये आणि वैरणही टाकू नये. मग जोडीदाराला पुढे चालवावे, बहुतेक बैल जोडीदारामागे उठतात. उठल्यावर दहा-वीस पावले हलकी गाडी ओढू द्यावी, आणि तो चालत असतानाच आपण होऊन थांबवावे, मान थोपटावी, मग जू सोडावे. म्हणजे "चाललं की सुटका" हे त्याला कळते. आठ-पंधरा दिवस मुद्दाम हलक्या गाडीला लावून, बसण्याच्या आधीच थांबवत राहिले तर ही खोड बहुधा जाते.

शेपटी पिरगाळू नये, चावू नये. शेपटीत मणके असतात, ते मोडतात. मोडलेल्या शेपटीच्या बैलाला माश्या हाकता येत नाहीत, आणि बाजारात गिऱ्हाईक शेपटी बघूनच बैल ओळखते.

बुजतो, उधळतो

कारखान्याचे आवार हे नव्या बैलासाठी मोठे संकट असते. गव्हाणीचा खडखडाट, साखळीचा आवाज, वाफेचा फुत्कार, रात्रीचे प्रखर दिवे, मागून येणारे ट्रॅक्टर. माणूससुद्धा पहिल्यांदा दचकतो.

बुजऱ्या बैलाला भीतीच्या वस्तूपाशी ओढत नेणे हा उलटा उपाय होय. त्याला लांबून, जिथे तो वैरण खाऊ शकतो एवढ्या अंतरावर, जोडीदारासह बांधावे. रवंथ करू लागला म्हणजे निवळला असे समजावे. दुसऱ्या दिवशी थोडे जवळ. असे चार-सहा दिवस केले की आवाजाची सवय होते. हंगामाच्या आधी घरीच ट्रॅक्टर सुरू ठेवून दावणीपासून लांब उभा करावा, रोज थोडा जवळ आणावा. पहिल्या खेपा शक्यतो दिवसा कराव्यात आणि अनुभवी जोडीच्या मागे गाडी ठेवावी.

बैल थबकला तर कासरा आवळून धरू नये. एक-दोन दमदार, ठाय लयीतले शब्द बोलावे. आपण ओरडलो की बैलाला वाटते, धनी पण घाबरलाय, म्हणजे धोका खरा आहे. उधळलेल्या जोडीच्या पुढ्यात आडवे होऊ नये. बाजूला होऊन, कासरा हाती असेल तर एकाच बाजूने ओढून तिला वळवावे, वळताना जोडीचा वेग कमी होतो.

ट्रॅक्टर-ट्रकचालकांनाही आमची विनंती आहे की बैलगाडीच्या मागे हॉर्न वाजवू नये, आणि दिवे खाली करावेत. गाडीवानांनी गाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावल्याशिवाय रात्री सडकेवर येऊ नये.

जोडी जमत नाही, एका बाजूला ओढते

एक बैल तगडा, एक बारका. तगडा पुढे जातो, बारका मागे राहतो, गाडी वाकडी चालते आणि दोघांचेही खांदे सुजतात. मग मागे पडणाऱ्याला चाबूक. वास्तविक उपाय जुवात आहे.

दोन खांद्यांमधले अंतर ४८ इंच आणि धूर बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे २४ इंच, असे असेल तर ओढ निम्मी-निम्मी वाटली जाते. धुरेची जागा तगड्या बैलाकडे दोन इंच सरकवली तर त्याच्याकडे २२ आणि बारक्याकडे २६ इंच होतात. मग शंभर किलो ओढीतले सुमारे ५४ किलो तगड्याकडे जातात आणि ४६ बारक्याकडे. तराजूच्या दांडीसारखेच हे आहे. जुवाला बांधणीसाठी मध्ये दोन-तीन खाचा ठेवल्या तर ही सोय कायमची होते.

बैलांच्या उंचीत फार फरक असेल, तर मात्र अशी जोडी ऊसगाडीला लावूच नये. तसेच बैलाला बाजूची सवय असते. डावीकडचा बैल एकाएकी उजवीकडे जुंपला तर तो गोंधळतो आणि लोक त्यालाही खोड म्हणतात.

मागे सरत नाही, उतारावर आवरत नाही

मागे सरणे हे बैलाला उपजत येत नाही, शिकवावे लागते. अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या हालचालींचा अभ्यास करून दाखवले आहे की जनावराचा खांदा हा त्याच्या हालचालीचा काटा असतो. आपण खांद्याच्या मागे उभे राहिलो की ते पुढे सरते, खांद्याच्या पुढे आलो की मागे सरते. आपले जुने गाडीवान बैलाच्या तोंडासमोर येऊन जुवाला हात लावतात ते याच कारणाने. रिकाम्या गाडीला, सपाट जागेवर, ठरलेला एकच शब्द वापरून एक-दोन पावलांपासून सुरुवात करावी. वेसण हिसकावली तर बैल मान वर करतो, आणि मान वर झाली की पाय जागचे हलत नाहीत.

उतारावर सारी गाडी बैलाच्या अंगावर येते, मग तो पळत सुटतो. त्याला आवरण्यासाठी वेसण ओढणे म्हणजे मागून दोन टन ढकलणारी गाडी नाकाने धरायला सांगणे झाले. गाडीला ब्रेक हवाच, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच तो लावला पाहिजे.

लाथ मारतो, शिंग उगारतो

मारक्या बैलाच्या बाबतीत तो कधी मारतो, हे आधी टिपावे. जुंपतानाच मारत असेल तर खांदा, पाय धरतानाच मारत असेल तर खूर, आणि एकाच माणसाला मारत असेल तर त्या माणसाची रीत तपासावी. दुखणे नाही असे ठरल्यावर सवय मोडायची ती रोजच्या स्पर्शाने. लांब काठीला गोणपाट बांधून लांबूनच अंग चोळावे. बैल स्थिर राहिला की काठी लगेच काढून घ्यावी. हळूहळू काठीच्या जागी हात येतो. मूळचा शांत बैल एकाएकी मारू लागला, लाळ गाळू लागला, तर मात्र जवळ जाऊ नये. तोंडात हात घालू नये, पोराबाळांना लांब ठेवावे आणि डॉक्टरांना बोलवावे, कारण पिसाळण्याचा रोग बैलालाही होतो.

नवा खोंड धरताना

पुष्कळ खोडी धरण्याच्या पहिल्या महिन्यातच लागतात. म्हणून उतावळेपणा नको.

खोंड साधारण अडीच-तीन वर्षांचा, दुसा झाला की धरावा. पूर्ण ओझे मात्र चौसा होऊन अंगाने भरल्यावरच. खच्ची करायचे ते पशुवैद्यकाकडून, चिमट्याने, बडवू नये. वेसण नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या मऊ भागात, जाणकाराकडून घालून घ्यावी आणि दोन-तीन आठवडे, जखम भरेपर्यंत, तिला हिसका देऊ नये. वेसण सुती असावी.

पहिला आठवडा नुसती म्होरकी, अंग चोळणे आणि मोकळे चालवणे. दुसरा आठवडा "चल" आणि "थांब" या अर्थाचे दोन शब्द. आपल्या भागात जे शब्द असतील ते, पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. धाकटा एक बोलतो, थोरला दुसरे, मग खोंडाने ऐकायचे कोणाचे? तिसऱ्या आठवड्यात शांत, जुन्या बैलाशेजारी नुसते जू. चौथ्यात हलका ओंडका. मग रिकामी गाडी, मग पाव, मग अर्धी. रोज एकदा-दोनदा, पंधरा-वीस मिनिटे पुरे. आणि रोज शेवट अशा कामाने करावा जे खोंडाला जमते. एखादे दिवशी बिनसले तर पायरी खाली यावे. दीड-दोन महिने खर्च होतात, पण पुढे दहा वर्षे ते फिटतात.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि ओढकामाच्या जनावरांबाबतचे १९६५ चे नियम गाडीवानांना माहीत असावेत. दिवसात ९ तासांहून जास्त काम घेऊ नये. विश्रांती न देता सलग ५ तासांहून जास्त जुंपू नये. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ बैल जुंपू नये. आर लावलेली पराणी, खिळ्याचे जू, टोचणारे कोणतेही साहित्य वापरण्यास मनाई आहे. बैलाचे वजन आणि गाडीच्या चाकाचा प्रकार बघून ओझ्याची मर्यादाही ठरवून दिलेली आहे.

कायद्याचे कलम बाजूला ठेवले तरी व्यवहार हेच सांगतो. तोंडाला फेस, जीभ बाहेर, पाय अडखळणे, श्वास भराभरा, ही दमल्याची चिन्हे दिसली की थांबावे. पंधरा-वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतरही श्वास बसत नसेल तर त्या दिवशी पुन्हा जुंपू नये. एक खेप बुडाली तर एका खेपेचेच नुकसान होते, बैल बसला तर हंगामाचे होते.

आपल्या सहकारात ज्याचा ऊस आहे तो सभासद, जो ओढून आणतो तो गाडीवान, आणि ज्याच्या खांद्यावर तो येतो तो बैल. पहिल्या दोघांना आपले गाऱ्हाणे बोलून सांगता येते. तिसरा बसतो, बुजतो, मान झटकतो, एवढीच त्याची भाषा. ती ऐकण्यासाठी चाबूक खाली ठेवून दहा मिनिटे द्यावीत, एवढीच आमची सर्व सभासदांना, मुकादमांना आणि गाडीवान बंधूंना विनंती आहे. आपल्या फडात गाडी भरली जात असेल तेव्हा सभासदांनी स्वतः उभे राहून ओझे आणि बैलांचे खांदे बघावेत, आणि फडावर बैलांसाठी पाण्याची टाकी भरून ठेवावी. हंगाम सर्वांना सुखाचा जावो.